प्यादं उंट होईल

बाबा गेले त्याच्या आधीच्या रविवारी, बोईसरच्या दवाखान्यात, नागोरावकाका त्यांच्याशी खोटं बोलले. ते मला तेव्हाच कळलं, कारण मी खाटेच्या उशाशी उभी होते आणि काकांच्या हातातला फोन मला दिसत होता.

फोनवर बुद्धिबळाचा एक डाव मांडलेला होता. खेळी पांढऱ्याची, आणि पांढऱ्यानंच मात करायची. बाबांनी आधी माझ्याकडे सुपारी मागितली. ती मी घरून आणलीच होती. एक उजव्या मुठीत, एक डावीत. मग ते फोनकडे पाहत राहिले. त्यांचा डोळा लागला की काय असं मला मध्येच वाटलं, पण मुठी घट्ट होत्या.

"घोडा," ते म्हणाले. "घोड्याची शह."

काकांनी विचारलं, "बळवंतराव, ते प्यादं बघितलंत का?"

"बघितलं. ते उंट होईल."

त्यांनी बोटानं घोडा उचलून सांगितलेल्या घरात नेला. फोनवर लाल फुली उमटली. काकांनी फोन मांडीवर पालथा घातला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग पुढचं सांगतो."

"पुढचं पुढच्या रविवारी. आता पडा."

बाबांनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं, आणि मुठी उघडल्या. सुपाऱ्या मी घेतल्या.

बाहेर बाकावर बसून काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, एक घर पुढं सरकलं की वजीर होणारं प्यादं होतं, आणि ते त्यांना उंट दिसतंय. "मी मुद्दाम सोपा डाव आणला होता, कीर्ती." वर्षभर आम्ही हेच पाहत होतो. बाबांनी आपल्या वाडीचं पाणी सोडायचं ते शेजारच्या वाडीत सोडलं होतं. आईला ते एकदा मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारून बसले होते. माकुणसारहून घरी येताना केळव्याचा फाटा सोडून पुढं निघून गेले होते. तरी रविवारी काका आले की ते पटासमोर बसत, आणि तेवढा वेळ ते आमचेच बाबा असत. त्या रविवारी तेही संपलं, असं काकांना वाटलं. मलाही वाटलं. मग त्याच आठवड्यात बाबा गेले.

लोक भेटायला येत तेव्हा विचारत, शेवटी शुद्ध होती का? आई सांगायची, होती हो, रविवारी तर बुद्धिबळ खेळले. मी आत निघून जायची.

बाबा आणि नागोरावकाका यांची ओळख आमच्या ओटीवरच झाली. काका नांदेडकडचे, तारापूरच्या अणुकेंद्रात नोकरीला आलेले. तेव्हा ते वसाहतीत राहत, निवृत्तीनंतर बोईसरला घर घेतलं. एका सुट्टीत बायकामुलांना घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर आले होते, नारळपाण्यासाठी आमच्या दारी थांबले. ओटीवर बाबा पट मांडून बसलेले. दोन्ही मुठी मिटलेल्या. काकांनी विचारलं, मुठीत काय? बाबा म्हणाले, सुपारी. हातात सुपारी असली की हात मोहऱ्याकडे जात नाही. डाव डोक्यातच खेळावा लागतो.

काकांना वाटलं असणार, काय हा माणूस. पण नारळपाणी संपल्यावरही ते उठले नाहीत. मुलं कंटाळून समुद्रावर परत गेली.

पुढं रविवार ठरून गेला. काका एक डाव घेऊन यायचे. आधी वर्तमानपत्रातून कापून, नंतर फोनवर. नियम बाबांनी घातलेला: पहिली खेळी सांगून चालणार नाही. मात होईपर्यंत सगळं बोलून दाखवायचं, समोरच्याच्या प्रत्येक पळवाटेसकट. त्याआधी कुणी "बरोबर" म्हणायचं नाही. पहिली खेळी काय, नशिबानंही सुचते, असं त्यांचं म्हणणं.

कधी कधी बाबा पटासमोर बसतही नसत. पानवेलीचं काम असलं की काका वाडीच्या बांधावर उभे राहून डाव तोंडी सांगायचे, आणि बाबा वेल बांधता बांधता ऐकायचे. मग बराच वेळ पोफळीआडून नुसता पानांचा आवाज. काका ओरडायचे, "अहो बळवंतराव, एवढा वेळ आमच्याकडे लावला असता तर मुंबईत अंधार पडला असता." आतून उत्तर यायचं, "तुमच्या भट्टीला घाई असेल. पानवेल घाईनं चढत नाही." आणि थोड्या वेळानं, हातातली दोरी न सोडता, ते पहिल्या खेळीपासून मातेपर्यंत सगळं सांगायचे. राजा इकडे गेला तर हे, तिकडे गेला तर ते, मध्ये कुणी आडवं आलं तर त्याचं असं. मी तेव्हा शाळेत होते. नंतर मी पुष्कळ पुस्तकं वाचली. आता पालघरच्या ग्रंथालयात रोज पुस्तकांतच असते. पण एखादी गोष्ट शेवटापर्यंत डोक्यात धरून ठेवणं म्हणजे काय, ते मी वाडीच्या बांधावर पाहिलं.

तेरावं झाल्यावर मी काकांना फोन केला आणि तो डाव मागितला. ते म्हणाले, कशाला आता. मी म्हटलं, असू दे माझ्याकडे. त्यांनी फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही.

दुपारी मी ओटीवर बाबांचा पट काढून तो डाव मांडला. काळा राजा आपल्या कोपऱ्याच्या एक घर अलीकडे, त्याला चिकटून आतल्या बाजूला त्याचा हत्ती, आणि कोपऱ्याच्या बाजूला पुढं दोन प्यादी. पांढऱ्याचा वजीर आणि घोडा मधोमध, दोघंही माऱ्यात. हत्ती वजिरावर टपलेला, आणि पांढऱ्याच्या मुलखात घुसलेला काळा वजीर घोड्यावर. म्हणजे पांढऱ्याला श्वास घ्यायलाही सवड नाही. पण त्याचं एक प्यादं उंटाच्या पट्टीतून पार पुढं गेलेलं, शेवटच्या रांगेपासून एकच घर मागं. त्याच पट्टीत तळाशी पांढरा हत्ती, जणू प्याद्याची पाठराखण करणारा.

काकांचं उत्तर मला लवकरच सापडलं. वजिरानं राजाशेजारचा हत्ती मारायचा. राजाला तो वजीर मारावाच लागतो. मग प्यादं पुढं सरकतं, नवा वजीर होतं आणि शेवटची रांग आरपार धरतं. राजा रांग सोडून खाली येऊ पाहील तर एका घरावर घोडा आहे, दुसऱ्यावर पांढऱ्याचं आणखी एक प्यादं. मात. खरंच सोपं होतं. पूर्वी बाबांनी ते चहा येईपर्यंत सांगितलं असतं, आणि काकांना विचारलं असतं, आज बोईसरला काही मिळालं नाही वाटतं?

मी पटाकडे बघत बसले. आवरायला हात होईना.

ठकीआत्या आईच्या सोबतीला माकुणसारहून येऊन राहिली होती. बाबांची थोरली बहीण, आता कमरेतून वाकलेली. ती ओटीवर आली, खांबाला टेकून बसली आणि पट बघू लागली.

"बळवंताचा डाव काय?"

मी हो म्हटलं. कुठला, ते सांगितलं नाही. तिनं विचारलं, कोण जिंकाय पायजे? मी म्हटलं, पांढरा. हे प्यादं आत गेलं की वजीर होतं, आणि संपलं.

"वजीर कसा हुईल?" आत्या म्हणाली. "उंटाच्या घरात जातंय ना ते? उंट हुईल."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"काय बघतंस? आमी असंच खेळायचो. अण्णांनी तसंच शिकवलेलं. हत्तीच्या घरात गेलं तं हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तं घोडा. वजीर पायजे तं वजिराच्या नायतं राजाच्या घरात जावा लागं. फुकटची वजिरी नाय."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. आत्यानं मग बाकीचं सांगितलं. तिचं लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी ती आणि बाबा याच ओटीवर खेळायचे. बाबा शिकायला पालघरला गेले, तिथल्या स्पर्धेत बसले, आणि प्यादं पलीकडे पोचल्यावर त्यांनी आपल्या हातानं त्याचा उंट करून ठेवला. मुलं हसली. घरी येऊन बाबा सगळ्यांना नवीन नियम शिकवायला लागले, तर अण्णांनी पटच उचलून माळ्यावर टाकला. "म्हनले, ज्या घरात गेला त्या घरचं हुन ऱ्हावा. बाहेरचं शानपन नको. लय दिवस बोलले नाय दोघं."

आई चहा घेऊन आली तसा तो विषय संपला. आत्यानं चहा बशीत ओतला आणि पानवेलीला पाणी कोण सोडतं म्हणून विचारत राहिली.

मला मात्र ते एक वाक्य सोडेना. ते उंट होईल. काकांना ते बाबांच्या डोक्यातलं भोक वाटलं होतं. पण बाबांना प्यादं दिसत होतं. ते कुठल्या पट्टीत आहे हे दिसत होतं. ते पलीकडे गेलं की काय होईल हेही त्यांनी अचूक सांगितलं होतं, फक्त अण्णांच्या पटावर. आणि अण्णांच्या पटावर काकांचं उत्तर लागू पडत नाही. उंट तिरका चालतो, रांगेत शह देत नाही. वजीर फुकट जातो, काळा राजा निवांत. म्हणजे बाबांनी तो मार्ग पाहून सोडला होता. मग त्यांनी घोडा का म्हटलं?

मी आतून दोन सुपाऱ्या आणल्या. मुठी मिटल्या.

घोडा पुढं जातो, शह. राजाशेजारी एका बाजूला त्याचाच हत्ती. पुढच्या तिरक्या घरावर पांढऱ्या वजिराची नजर, प्याद्याचीही. घोड्याला मारणारं कुणी नाही. राजाला एकच जागा उरते, कोपरा. तो कोपऱ्यात गेला. मग? इथं मी पुन्हा पुन्हा अडखळले. वजीर अजून माऱ्यात होता. तो मागं घ्यावा तर सगळा जोर संपतो. मी प्रत्येक वेळी त्या प्याद्याकडे परत येत होते. ते पुढं जायलाच हवं, त्याच्यामागं हत्ती उभा आहे, एवढी तयारी काय उगीच केली असेल, असं वाटत होतं.

ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं. आत्या आत आईशी काही तरी बोलत होती. मी स्वतःला म्हटलं, ते वजीर होणार नाही. ते उंट होईल. त्याची आशा सोड.

आणि त्याची आशा सोडल्यावर मला हत्ती दिसला. इतका वेळ मी त्याला प्याद्याच्या पाठीमागचा समजत होते. पण प्याद्याचं काहीच होणार नसेल, तर हत्ती त्या पट्टीला बांधलेला नाही. पांढऱ्याची तळाची रांग कडेपर्यंत मोकळी होती. हत्ती आडवा जाऊ शकत होता, थेट काळ्या राजाच्या पट्टीत.

मध्ये अडसर एकच. कोपऱ्यातल्या राजाच्या पुढ्यातलं त्याचं स्वतःचं प्यादं. ते दूर कोण करणार? वजीर. वजीर तिरका जाऊन ते प्यादं मारतो, राजाला खेटून शह देतो. त्याच्या मागं कुणाचा आधार नाही. राजाला तो मारावाच लागतो, दुसरी जागा नाही. राजा एक घर बाहेर आला. आणि आता तळातून हत्ती आडवा, कडेच्या पट्टीत. शह.

मी बाबांच्या नियमानं पळवाटा मोजल्या. परत कोपऱ्यात जाता येत नाही, पुढं सरकता येत नाही, दोन्हीकडे हत्ती. आतल्या बाजूला एक घर त्याच्याच प्याद्यानं अडवलेलं. त्याच्या वरचं आणि खालचं, दोन्ही घरं घोड्याच्या टाचेखाली. म्हणून घोडा आधी. काळ्या वजिरानं मध्ये पडायचं म्हटलं, तर त्याच्या रांगेत पांढऱ्याचं एक साधं प्यादं उभं होतं. मला आतापर्यंत ते कामाचं वाटलंच नव्हतं.

मात. अण्णांच्या पटावर मात, आणि काकांच्या फोनवरही मातच, कारण या सगळ्यात ते उंटाच्या पट्टीतलं प्यादं हललेलंच नव्हतं. ते वजीर होवो नाही तर उंट, काही फरक पडत नव्हता. एका खेळीनं लांब एवढंच. फोनला सगळ्यात जवळची वाट हवी होती, म्हणून त्यानं लाल फुली दाखवली.

मी सुपाऱ्या पटाच्या कडेला ठेवल्या. तळहातावर त्यांचे वळ उठले होते.

बाबा त्या रविवारी दवाखान्यात होते की अण्णांच्या ओटीवर, हे मला सांगता येणार नाही. कदाचित समोर बसलेले नागोरावकाका त्यांना कुणी वेगळेच वाटले असतील. पण जिथं कुठं होते तिथं त्यांनी सोपी वाट तपासली, ती बंद आहे हे ओळखलं, आणि पट हातात नसताना, औषधांच्या गुंगीत, स्वतःचा वजीर देऊन दुसरी वाट काढली. मी इतकी वर्षं त्यांचं कौतुक करत आले. ते किती कमी होतं हे मला त्या दुपारी कळलं.

रविवारी काकांना बोलावलं. ते येतील की नाही याची मला खात्री नव्हती. बाबा गेल्यावर ते एकदाच येऊन गेले होते, तेही ओटीवर बसले नव्हते. आले ते पायरीवरच थांबले. पट मांडलेला दिसला.

"हे कशाला, कीर्ती?"

मी त्यांच्यापुढं दोन सुपाऱ्या धरल्या. म्हटलं, काका, आधी घोडा. पुढचं तुम्ही सांगा.

त्यांनी सुपाऱ्या घेतल्या नाहीत. म्हणाले, मी तेव्हा खोटं बोललो, ते तुला माहीत आहे. फोननं चूक दाखवली होती. मी म्हटलं, माहीत आहे. मग उंटाचं सांगितलं. अण्णांचा नियम, पालघरची स्पर्धा, माळ्यावर टाकलेला पट. ठकीआत्या दारात उभी होती, तिनं मान हलवली.

काका खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला.

मुठी मिटून ते पटाकडे पाहू लागले. चहा आला, निवला. आत्या कंटाळून आत गेली. मी एकदाही काही सुचवलं नाही. वाडीत कुणी तरी झावळी ओढत नेत होतं. काकांची नजर पुन्हा पुन्हा त्या पुढं गेलेल्या प्याद्यावर जात होती. मला ते ओळखू येत होतं, मीही तिथंच अडकले होते. मग नजर हळूच त्या पट्टीतून खाली आली, हत्तीवर थांबली, आणि तळाच्या रांगेतून आडवी कडेपर्यंत गेली.

"हत्ती," ते म्हणाले.

एवढ्यानं बरोबर म्हणायचं नसतं.

काकांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. घोड्याची शह, राजा कोपऱ्यात, कारण दुसरं घर नाही. वजिरानं प्यादं मारलं. राजानं वजीर मारला, मारावाच लागतो. हत्ती आडवा. कोपरा बंद, पुढचं घर बंद, घोड्याकडे दोन घरं. काळा वजीर मध्ये येत नाही, प्यादं आहे. त्यांचा आवाज शेवटी जरासा उतरला, पण त्यांनी एकही पळवाट सोडली नाही.

आई कपबश्या न्यायला आली होती. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही. पण बाकीचं सगळं कळत असावं, कारण तिनं विचारलं, "भावजी, त्या दिवशीचं यांचं बरोबर होतं का?"

काकांनी मुठी उघडल्या.

"होतं, वहिनी," ते म्हणाले. "मीच अर्ध्यावर उठलो."